पाण्याचा धडा, तिच्या हाताने

तिचं नाव इथे लिहीत नाही. ती बधिरांध आहे, म्हणजे तिला ऐकू येत नाही आणि दिसतंही जवळजवळ नाही, म्हणून तिला हाक मारायची रीतही वेगळीच आहे. डाव्या कानामागची बट दोन बोटांत धरून हलकेच ओढली, की ते तिचं नाव. माझं नाव म्हणजे माझ्या मनगटावरचं घड्याळ. वर्गातल्या गुरुजींचं नाव म्हणजे सदऱ्याच्या खिशाला लावलेलं पेन, आणि आईचं नाव हातभर काचेच्या बांगड्या. ती शाळेत येऊ लागली तेव्हा ही नावं अजून ठरायची होती. तेव्हा कोणीही जवळ गेलं की ती आधी दचकायची आणि मग चावायची.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात विशेष शिक्षिका आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून आमची नेमणूक गटसाधन केंद्राकडे असते आणि स्कूटीवरून गावोगावच्या जिल्हा परिषद शाळा करायच्या असतात. २०२२ च्या जूनमध्ये एका शाळेच्या तिसरीच्या पटावर तिचं नाव होतं. वय नऊ. पण दोन वर्षं ती घरीच होती. बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आला आणि काही मुलांना त्याचा खरोखर आधार आहे. तिच्या बाबतीत मात्र आई शेतावर, वडील मार्केट यार्डात हमालीला, आणि ही दिवसभर आजीजवळ, शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीला पाठ लावून. गिरणी सुरू झाली की भिंत थरथरायची आणि ही हसायची. पहिल्या भेटीत माझ्या वहीत एवढंच लिहिलं गेलं: थरथर आवडते.

आईनं सांगितलं, "तिसऱ्या म्हयन्यात माझ्या अंगावर पुरळ उठलं हुतं मॅडम. दोन दिस ताप. गोवर आसंल म्हणून लिंबाचा पाला घातला आंघोळीच्या पाण्यात." मुलीच्या कागदांत डॉक्टरांनी जन्मजात रुबेला लिहिलं आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हृदयाचा दोष, दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू न येणं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला तर पोटातल्या बाळाचं जे होतं, ते सगळं या एका पोरीच्या वाट्याला आलं. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि तिच्या धाकट्या भावाला त्यात लस मिळाली. हे सांगताना आई नेहमी त्याच्या दंडावरून हात फिरवते.

मोतीबिंदू ती लहान असतानाच काढले होते. डाव्या डोळ्याला उजेड कळतो, आणि फूटभर अंतरावर पिवळी किंवा पांढरी मोठी वस्तू हलली तर तीही कळते. बधिरांध म्हटलं की लोकांना मिट्ट काळोख आणि ठार शांतता वाटते. पण बहुतेक बधिरांध मुलांना थोडं दिसतं किंवा थोडं ऐकू येतं. ते थोडं नेमकं किती, कुठल्या बाजूनं, दिवसाच्या कुठल्या वेळी, हे शोधण्यात माझे पहिले दोन महिने गेले. त्यावरून मी तिची जागा बदलली. खिडकी पाठीमागे, समोर काळा फळा, आणि हातात देण्याची प्रत्येक वस्तू पिवळी.

आता माझ्या पहिल्या आराखड्याबद्दल सांगते. तो चुकला होता, आणि अशीच चूक मी इतरांच्या फाइलींतही पाहिली आहे.

माझं शिक्षण कर्णबधिरांना शिकवण्याचं. चित्रकार्डं, ओठांच्या हालचाली, हातवारे, सगळं डोळ्यांवर चालणारं. अंध मुलांची साधनं पाहिली तर ती कानांवर उभी असतात. मग मी जे हाताशी होतं ते घेतलं: तिसरीच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे वर्षाअखेर मुलांना काय यायला हवं ती यादी, समोर ठेवल्या आणि एकेक कापत गेले. वर्ग हजारापर्यंतच्या संख्या शिकतोय ना, मग हिला दहापर्यंत. वर्ग परिच्छेद वाचतोय, हिला ब्रेलचं पहिलं अक्षर, 'अ', एका टिंबाचं. कागदावर आराखडा छान दिसत होता. दर ध्येयासमोर वर्गाची निष्पत्ती, शेजारी तिची छोटी निष्पत्ती.

गणितमाळेतले दहा मणी ती ऑगस्टअखेर न चुकता सरकवू लागली. मी नोंद केली: दहापर्यंत मोजते. त्याच दिवशी दुपारी शाळेतली खिचडी तिला आवडली. ताटलीतली संपली. तिला आणखी हवी होती आणि हे सांगायला तिच्याकडे काहीही नव्हतं. तिनं ताटली भिरकावली आणि स्वतःच्या मनगटाला इतक्या जोरात चावा घेतला की रक्त आलं. वहीत सकाळची नोंद तशीच होती. मणी सरकवणं म्हणजे मोजणं नव्हतं. मी तिचा हात धरून शंभरदा सरकवले म्हणून हाताला ती सवय लागली होती. दहा कशाचे, कशासाठी, हा प्रश्न तिच्या जगात आलेलाच नव्हता.

त्या संध्याकाळी घरी बसून मी आराखड्याची पानं फाडली नाहीत, पण नवीन वही घेतली. निष्पत्ती लहान करून चालणार नव्हतं. वर्गाचा धडा अख्खा ठेवायचा, आणि त्या धड्याच्या आत हिचं स्वतःचं काम शोधायचं, असं ठरवलं. आणि ते काम दिवसाच्या शेवटी तिच्या उपयोगाला आलं पाहिजे.

पण त्याच्याही आधी तिला दिवस द्यायला हवा होता. ज्याला घड्याळ दिसत नाही, घंटा ऐकू येत नाही, त्याच्यासाठी दिवस म्हणजे एकामागून एक येणारे धक्के. कोणीतरी उचलतं, कुठेतरी नेतं, तोंडात काहीतरी येतं. नेदरलँड्सचे शिक्षणतज्ज्ञ यान व्हॅन डाइक यांनी रुबेलामुळे बधिरांध जन्मलेल्या मुलांबरोबर काम करताना वस्तूंची दिनदर्शिका बसवली: दिवसातल्या प्रत्येक कामाला एक वस्तू, ती हाताला लागली की पुढे काय होणार ते कळावं. आपल्या देशातली बधिरांध मुलांसाठीची पहिली संस्था, हेलन केलर संस्था, १९७७ साली मुंबईत सुरू झाली, आणि तिथून शिकून आलेल्या एका ताईंनी मला फोनवरून ही पद्धत समजावली. इथून मुंबई चारशे किलोमीटर. फोन हाच माझा वर्ग होता.

गावातल्या सुतारकाकांनी पाच कप्प्यांचा लाकडी खोका करून दिला. डावीकडून उजवीकडे एकेक वस्तू. परिपाठाला चटईचा तुकडा, कारण ती चटईवर बसते. झोक्याला दोरीचा तुकडा. जेवणाला तिचा रोजचा चमचा. घरी जायला काय ठेवावं यावर मी अडले. आधी प्लास्टिकची छोटी एसटी ठेवली. लालचुटूक, चाकं फिरणारी. ती चाकं चाटायची, बाकी काही नाही. नंतर लक्षात आलं, खेळण्यातली बस डोळसांनाच बससारखी वाटते. एसटीत चढताना तिच्या हाताला काय लागतं? दारातला लोखंडी दांडा. गाड्यांच्या भंगारातून तसाच वीतभर पाइप आणला, कडा घासून घेतल्या. तिसऱ्या दिवशी पाइप हातात आल्यावर ती स्वतः उठून दाराकडे तोंड करून उभी राहिली. प्रत्येक काम झालं की ती वस्तू कोपऱ्यातल्या टोपलीत टाकायची आणि दोन्ही तळवे बाहेर झटकायचे: संपलं. या खोक्याला लागलेल्या सात आठवड्यांत मी पाठ्यपुस्तकाला हातही लावला नाही. केंद्रप्रमुखांनी विचारलं तेव्हा मी खोका दाखवला. त्यांनी स्वतः चटईचा तुकडा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, चालू द्या.

दिवाळीनंतर आम्ही पाच जण शाळेच्या ओट्यावर बसलो. मुख्याध्यापक, गुरुजी, आई, वडील आणि मी. वडिलांनी त्या दिवशी हमालीला खाडा केला होता. वैयक्तिक आराखड्याचा छापील नमुना असतो, त्यात पालकांची सही शेवटी असते. आम्ही पालकांपासून सुरुवात केली. वडील म्हणाले, "तिला सही याया पायजे. सुदीक लिवता आलं पायजे नाव." आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तहान लागली तर कळू दे मला. रात्री उठती अन् रडती, पोट दुखतंय का पाणी पायजे, कळत न्हाई."

सही आम्ही फेटाळली नाही, पुढच्या पानावर लिहून ठेवली. पहिल्या पानावर तहान.

आणि परिसर अभ्यासात पुढचा घटक पाण्याचाच होता. गुरुजींनी पुस्तक उघडून वाचून दाखवलं: पाणी कुठून येतं, कसं साठवायचं, कसं जपून वापरायचं. गणितात लीटर-मिलिलीटर जवळच होतं. गुरुजी मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिला बाजूला घेऊन शिकवा, मी वर्ग घेतो." मी म्हटलं, गुरुजी, बाजूला नको. तुम्हीच घ्या, मी तिच्या हाताखाली हात ठेवून बसते. ते गृहस्थ निवृत्तीला तीन वर्षं राहिलेले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्ग हापशापाशी नेला.

हापशाचा उल्लेख झाला की लोकांना हेलन केलर आठवते, अमेरिकेतली बधिरांध लेखिका. १८८७ च्या एप्रिलमधली ती प्रसिद्ध गोष्ट, एका हातावर पाणी आणि दुसऱ्या तळव्यावर तिच्या शिक्षिकेनं, ॲन सलिव्हननं लिहिलेली अक्षरं, आणि प्रत्येक गोष्टीला नाव असतं हे तिला एकदम उमगलं. मलाही आतून वाटत होतं, कदाचित इथेही होईल. नाही झालं. आणि ते का होणार नव्हतं हे समजून घेणं मला गरजेचं होतं. हेलन एकोणीस महिन्यांची असताना आजारी पडली, तोवर तिनं ऐकलेलं होतं, पाहिलेलं होतं, पाण्यासाठीचा एक बोबडा शब्दही तिच्या तोंडी होता. आमची मुलगी जन्मापासून अशी. प्रत्येक गोष्टीला नाव असतं ही कल्पनाच तिला एकेका वस्तूतून घडवायची होती. जिची ती घडलेली नाही, तिच्या तळव्यावर अक्षरं लिहिली तर तिला गुदगुल्या होतात.

म्हणून आम्ही अक्षरं लिहिली नाहीत. वर्गानं धड्यात पाण्याचा प्रवास शिकला, तिनं तोच प्रवास हातानं केला. हापशाचा दांडा तिच्या हाताखाली वरखाली होताना थरथरतो, ते तिला गिरणीसारखं आवडलं. दांडा, मग तोटीतून धार, मग घागर, घागरीतून तांब्या, तांब्यातून वर्गातला माठ. रोज तोच क्रम, त्याच वाटेनं, त्याच दोन मैत्रिणींबरोबर. वर्गाचा माठ भरणं हे तिचं काम ठरलं. इतर मुलींची पाळी बदलायची, हिची कायम. घागर रिकामी असताना हलकी, भरल्यावर जड, हे वर्गातली मुलं पुस्तकात वाचत नव्हती, पण तिच्यामुळे त्यांनीही उचलून पाहिलं.

मोजणं इथे आपणहून आलं. माठात किती तांबे मावतात, हा वर्गाचा गणिताचा प्रश्न. मुलं एक लीटरच्या मापानं मोजत होती. ती प्रत्येक तांब्यामागे एक गोटा कप्प्यात टाकायची. माठ भरला की नऊ गोटे. एके दिवशी माठात आधीचं पाणी शिल्लक होतं, सहा तांब्यांतच तो भरून वाहिला आणि पाणी तिच्या पायांवर आलं. ती थांबली. कप्प्यातले गोटे चाचपले. मग माठाच्या तोंडाशी हात नेला. पुन्हा गोटे चाचपले. असं तीनदा. मी श्वास धरून बसले होते आणि गुरुजींनी वर्गाला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, जणू तिला ऐकू जाणार होतं. मणी सरकवताना या मुलीनं कधी असं थांबून पाहिलं नव्हतं.

तिच्या आराखड्यात या घटकासाठी तीनच ध्येयं होती. पेला समोर आणल्यावर "अजून" किंवा "पुरे" सांगणं. अजून म्हणजे समोरच्याच्या तळव्यावर दोन टिचक्या, पुरे म्हणजे पेला दूर सारणं. दुसरं, हापशापासून वर्गापर्यंतच्या वाटेवर भिंतीला हाताची मागची बाजू लावून एकटीनं चालणं. तिसरं, दोन वस्तूंतून एक निवडणं. वर्गाच्या निष्पत्ती गुरुजींकडे होत्याच, त्याच तासाला, त्याच पाण्यावर.

थांबणं मला शिकावं लागलं. प्रश्न विचारला की आपण दोन-तीन सेकंदांत उत्तराची वाट सोडतो. तिला वस्तू ओळखायला, ती कशाची ते आठवायला, आणि मग हात हलवायला वेळ लागतो. मी मनात पंधरापर्यंत मोजू लागले. कितीदा बारा-तेरावर हात हलायचा. त्याआधी मी पाचवरच तिचा हात धरून उत्तर करून घेत होते, आणि नोंद "मदतीनं करते" अशी. तिचा हात माझ्या हाताच्या वर ठेवायचा, आपला हात खाली, म्हणजे तिला हवा तेव्हा काढता येतो. वरून धरलेल्या हाताला शिकवणं आणि पकडणं यातला फरक कळत नाही.

जानेवारीतल्या एका रात्री आईचा फोन आला, साडेदहा वाजता. मी घाबरले. पलीकडून आई रडतही होती आणि बोलतही होती. पोरगी उठली, अंधारात आईपर्यंत आली, बांगड्या चाचपल्या, आणि आईच्या तळव्यावर दोन टिचक्या मारून तिचा हात माठाकडे ओढला.

सगळंच जमलं असं नाही. इंग्रजीच्या कविता आम्ही तिच्यासाठी सोडून दिल्या. त्या तासाला ती झोक्यावर असायची आणि मला त्यात गैर वाटत नाही. पाढ्यांना मी तालावर बाक थोपटून जोडायचा प्रयत्न केला, मुलांना मजा आली, तिला थरथर आवडली, पण त्याला गणित म्हणणं खोटं झालं असतं. नोंदीत मी ते "आनंददायी अनुभव" एवढंच लिहिलं. मूल्यमापनाच्या वेळी एका वरिष्ठांनी सुचवलं, सगळ्या विषयांत सरसकट श्रेणी भरून टाका, कोण बघतंय. मी वर्णनात्मक नोंदी भरल्या, विषयवार, तारखेसह. परिसर अभ्यास: माठ ओसंडल्यावर गोटे तपासले, १२ डिसेंबर. मराठी: तीन व्यक्तींना त्यांच्या खुणेवरून ओळखते. अशा नोंदींना वेळ लागतो. पण पुढच्या शिक्षकाला श्रेणीवरून काहीच कळणार नव्हतं.

चौथीत इतिहास आला, शिवछत्रपती. गुरुजी पहिल्यांदा खरोखर काळजीत पडले. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं राज्य तिला कसं देणार? दिवाळीत आमच्याकडची पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात. त्या वर्षी वर्गानं तो शाळेच्या मैदानात केला, माणूस चालू शकेल एवढा. दोन्ही बाजूंनी दगडांची रांग, मध्ये वाट, वळणावर दोन खांबांचा दरवाजा, शेवटी चढण आणि वर बुरूज. मुलं गडांची नावं आणि प्रसंग लिहून पाट्या लावत होती. ती दगडांच्या रांगेला काठी लावून वाट शोधत होती, दरवाजाशी खांब चाचपून डावीकडे वळत होती. तिला शिवाजी महाराज कळले असं मी म्हणणार नाही. तिला वाट पाठ झाली, आणि पहिल्यांदाच सगळा वर्ग तिच्या मागून रांगेनं चालला, कारण डोळे बांधून किल्ला चढायची शर्यत लागली होती आणि वाट फक्त तिला माहीत होती. माती कालवायलाही तीच पुढे होती. कोरडी, ओली, घट्ट, असे तीन कप्पे खोक्यात वाढले.

सहीचं पान अजून आहे. चौथीच्या अखेरीला वडिलांना मी स्पष्ट सांगितलं, अक्षरं अजून लांब आहेत. पण तिच्या दप्तराला, ताटलीला, चटईला आम्ही एकच खूण शिवली आहे, जाड दोऱ्याची एक गाठ आणि त्याला पिवळी फीत. वीस दप्तरांतून ती आपलं काढते. वडिलांनी ते दप्तर हातात घेऊन गाठ बराच वेळ अंगठ्यानं चोळली आणि म्हणाले, "म्हंजी ही तिची सहीच की."

२०२४ च्या जूनमध्ये ती पाचवीला दुसऱ्या, मोठ्या शाळेत गेली. तिथल्या शिक्षकांना मी फाइल दिली, खोका दिला, पाइपचा तुकडा दिला. फाइलीत ध्येयं आहेत, नोंदी आहेत, डॉक्टरांचे कागद आहेत, यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची प्रत आहे. पण त्या सगळ्याच्या वर मी एक पान लावलं आहे, मोठ्या अक्षरांत:

समोरून या, तिच्या डाव्या बाजूनं. आधी खांद्याला हात लावा आणि तिथेच ठेवा. मग तिचा हात तुमच्या खुणेवर न्या. खूण रोज तीच असू द्या. काय करायचं आहे त्याची वस्तू तिच्या हाताखाली धरा. मग थांबा. मनात पंधरापर्यंत मोजा. तिनं तळव्यावर दोन टिचक्या मारल्या तर ती तुमच्याशी बोलते आहे.